चाक थांबेपर्यंत

सरांच्या पँटला दोन्ही घोट्यांपाशी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे. एक निळा, एक पिवळा. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून सायकलवाले लावतात, तसेच. फरक एवढाच, की सरांना सायकल चालवताना पिरंगुटात कोणी म्हणजे कोणीही पाहिलेलं नव्हतं. काळी, जुन्या घाटाची, मागे दणकट कॅरियर असलेली ती सायकल ते हातात धरून खोलीपासून वर्गापर्यंत ढकलत आणायचे आणि वर्ग संपला की तशीच हातात धरून परत न्यायचे. वाटेत कंपन्यांचे ट्रक, सिटी बस, कोळवणकडे निघालेल्या माणसांनी लगडलेल्या जीपा. सर आपले सायकलीच्या उजव्या बाजूनं, तिला रस्त्याच्या कडेला घालून, म्हातारीला देवळात नेतात तसे निघालेले.

वर्गाशेजारच्या गिरणीवाल्यानं एकदा न राहवून विचारलं, "सर, बसत का न्हाई कधी हिच्यावर?"

"शाळेत फळ्यावर बसलेला मास्तर पाहिलाय का तुम्ही?"

"मग ह्ये चिमटं कशाला?"

"खिशात रुमाल ठेवता ना? रोज रडता का?"

गिरणीवाला माझ्याकडे बघायला लागला. सरांशी बोलताना असंच व्हायचं. उत्तर मिळायचं, समाधान मिळायचं नाही.

हे दोन हजार सहाच्या आसपासचं. पिरंगुटच्या बाजारात रस्त्यालगत एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या मागच्या खोलीत सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग. बाहेर पत्र्याची पाटी : 'इंग्रजी बोला. विषय सायकल.' बस्स. पाटीवर ना फोन नंबर, ना फीचा आकडा, ना वेळ. पाटी अर्धवट वाचून पंक्चर काढायला येणारेही होते. सर त्यांना परत पाठवायचे नाहीत. "पंक्चर निघणार नाही, पण बसा," म्हणायचे. त्यातला एक प्रेसशॉपमधला, पत्रा दाबायच्या मशीनवरचा कामगार बसला तो सहा महिने उठलाच नाही. पुढे त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे आले की साहेब त्यालाच पुढे करायचे म्हणे. असतील बाई करत. माझ्या पोटात तेव्हाही दुखलं होतं.

आता हे सांगून टाकलेलं बरं, की मी जळकी आहे. मुद्दाम नाही, जात्याच. कोणाकडे नवा कुकर आला तरी मला दोन दिवस वरण गोड लागत नाही. माझे यजमान म्हणायचे, "तुला कोणी स्वर्गात नेलं तरी तू शेजारणीचा ढग बघशील." बघीन. का नाही बघणार? तिचा मोठा असेल तर?

आम्ही लातूरकडचे. यजमानांना पिरंगुटच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मी एम.ए. इंग्रजी. तोंडानं मात्र एक वाक्य धड निघायचं नाही. इथल्या एका शाळेत मुलाखतीला गेले, लेखी परीक्षेत पहिली आले आणि बाईंनी समोर बसवून "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर मी जी छताकडे बघायला लागले, ती त्यांनी पाणी आणून देईपर्यंत. नोकरी दुसरीलाच मिळाली. बी.ए. होती ती! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच आठवड्यात मी सरांच्या वर्गात जाऊन बसले. मला शिकवायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. एक खोली, समोर चार डोकी आणि हातात खडू.

सरांची पद्धत ऐका. सायकल वर्गाच्या मधोमध स्टँडवर उभी करायची. मागचं चाक अधांतरी. बोलणाऱ्यानं उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरायचं. दुसऱ्यानं खाली उकिडवं बसून हातानं पायडल मारायचं, चाक भरधाव झालं की पायडल सोडून द्यायचं. आणि मग चाक थांबेपर्यंत बोलायचं. इंग्रजीत. आपल्या लहानपणच्या सायकलीबद्दल. टिक-टिक-टिक चाक फिरतंय तोवर तोंड बंद करायचं नाही. चाक थांबलं की मधल्या शब्दालाही थांबायचं. सर रोज सकाळी त्या चाकाला तेल घालायचे, त्यामुळे मेलं थांबता थांबायचं नाही.

"हँडल कशाला धरायचं, सर?" कोणीतरी विचारायचंच.

"हात रिकामे असले की माणूस मनातल्या मनात भाषांतर करतो. हात गुंतले की भाषांतर करायला कोणी घरी राहत नाही."

व्याकरण ते ऐकतच नसत. 'आय गोज' म्हणा, 'ही आर' म्हणा, सर डोळे मिटून मान हलवत राहायचे. पण सायकल खरी पाहिजे. त्यांचं एक वाक्य होतं, रोज एकदा तरी म्हणायचे : "चुकीचं इंग्रजी चालेल, खोटी सायकल चालणार नाही."

हिंजवडीच्या कंपनीतला एक मुलगा येत होता. वर्गातल्या पोरींवर छाप पाडायला त्यानं गिअरच्या लाल सायकलीचं वर्णन सुरू केलं. फाडफाड इंग्रजी. मी तर जळून कोळसा. सरांनी हात घालून चाक थांबवलं. एरवी फिरत्या चाकाला ते कधी हात लावायचे नाहीत.

"खूण दाखवा," म्हणाले.

"कसली खूण, सर?"

"सायकल शिकताना माणूस पडतो. गुडघा, कोपर, हनुवटी, कुठेतरी तिची सही असते. दाखवा."

मुलगा बाह्या वर करून बघायला लागला. अंगावर ओरखडा नाही. शेवटी मुकाट कबूल झाला, की लाल सायकल शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाची. ह्याची स्वतःची वडिलांची जुनी, दांडीच्या खालून पाय घालून चालवलेली, आणि तिच्यावरून तो पडला नव्हता कारण तिला वेगच नव्हता. "मग ती सांगा की!" सर एवढ्या आनंदानं ओरडले, की पलीकडे गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. त्या दिवशी तो मुलगा अडखळत अडखळत जे बोलला, ते ऐकून प्रेसशॉपवाल्या कामगारानं डोळे पुसले. मी नाही पुसले. मला त्या मुलाचा राग आला होता. त्याला खोटी का होईना, लाल सायकल सुचली. आणि वर स्वतःची खरीही निघाली.

कारण माझ्याकडे एकही नव्हती.

पहिल्या दिवशी सरांनी मला हँडलपाशी बोलावलं. मी घरून वाक्य घोकून आले होते. म्हटलं, "सर, आय डिड नॉट पझेस अ बायसिकल इन माय चाइल्डहुड." एकही चूक नाही बघा.

सरांनी विचारलं, "अजिबात नव्हती?"

"भावाला होती, सर. त्याच्याबद्दल बोलू का?"

"त्याची सायकल त्याला बोलू द्या. त्याला पाठवा इकडे."

"मग मी काय करू?"

"तुम्ही चाक फिरवा."

झालं! त्या दिवसापासून मी एम.ए. इंग्रजी, सायकलीच्या उजव्या अंगाला पदर खोचून उकिडवी बसलेली, लोकांसाठी पायडल मारतेय. वर ते हँडल धरून आपापली बालपणं उधळताहेत, खाली माझ्या हाताला वंगण. सोडून का नाही गेले? यजमानांनी फी आधीच भरली होती, ती परत मागायची लाज, हे घरात सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे मला ते हँडल पाहिजे होतं. दोन हातांत धरायला, एकदा तरी.

आणि त्यात भर म्हणून शोभा.

शोभा म्हणजे आमच्या घरमालकांची सून. मी तिला तोंडावर शोभावहिनी म्हणायचे, मनात नुसतं शोभा. वय माझ्याएवढंच. शिक्षण बारावी, तेही कसंबसं. गळ्यात बोटाएवढं ठसठशीत गंठण, आवाज असा, की अंगणातून हाक मारली तर पलीकडच्या रिहे गावाच्या खोऱ्यात ऐकू जावी. त्यांची रिह्याला शेती होती. शहरातली माणसं तिकडे घरं बांधायला, भाड्यानं घ्यायला यायची आणि ह्यांच्या घरात इंग्रजीला उत्तर देणारं कोणी नव्हतं. म्हणून सासऱ्यांनी सुनेला वर्गाला घातलं. मी जाते ते बघूनच घातलं असणार, दुसरं काय!

पहिल्याच दिवशी सरांनी तिला विचारलं, "सायकल होती?"

"एक का? तीन व्हत्या!"

तीन! मला वाटलं, आता पायडल उपटून हिच्या डोक्यात घालावं. दात आहेत तिथं चणे नाहीत म्हणतात. इथं चणे पोत्यानं आणि दातही सगळे शाबूत. एक वडलांनी आणलेली लहानी, एक चुलतभावाशी भांडून मिळवलेली, एक आत्यानं दिलेली. माहेर कोळवणचं. भाताच्या खाचरांच्या बांधावरून म्हणे ही सायकल मारायची आणि चिखलात पडली की सायकलीला आधी धुवायची, मग स्वतःला.

तिनं हँडल धरलं, मी पायडल मारलं, आणि बाई सुरू झाल्या. "माय फादर ब्रिंग सायकल. आय नॉट ईट. आय नॉट स्लीप. ओन्ली बेल, बेल, बेल! फादर से, गर्ल मॅड!"

वर्ग हसून लोळला. सर डोळे मिटून मान हलवतायत. मी खाली बसून प्रत्येक वाक्यातल्या चुका मोजतेय.

तिथं मला युक्ती सुचली. हिचे शब्द ते किती? पन्नास? साठ? मी पायडल हलकं मारते म्हणून हिचं निभावतंय. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा मी पदर घट्ट खोचला आणि असं पायडल मारलं, असं मारलं, की सायकल स्टँडवर थरथरायला लागली. म्हटलं, बोल आता! किती बोलतेस बघू. शब्द संपू देत, राहा तोंड उघडं टाकून, मी मुलाखतीत राहिले होते तशी.

शब्द संपले. संपले की तिचे! ती थांबली, चाक फिरतंच होतं, माझा जीव सुपाएवढा झाला. पण ती काय गप्प बसणारी? "अँड... अँड... बफेलो!" म्हणाली, आणि सायकल म्हशीवर कशी आदळली, म्हैस कशी पळाली, म्हशीमागे आजोबा कसे पळाले, हे सगळं हातवारे न करता, नुसत्या मानेनं आणि डोळ्यांनी सांगून मोकळी झाली.

मग रोज हेच. मी जोर लावायची, ती नवं काहीतरी काढायची. माझा दंड दुखायचा, तिची जीभ सुटत चालली. इतरांसाठी मी हलकंच फिरवायचे, लोक म्हणायचे, ताई किती समजूतदार. शोभासाठी मात्र घाम निघेपर्यंत. आणि ही बया मला जिना चढताना म्हणायची, "मॅडम, तुमी मला लई येळ देता हां. दुसऱ्यांस्नी न्हाई देत एवढा."

"तुमचं ऐकावंसं वाटतं हो," म्हटलं. आणि घरात जाऊन भाकरी थापताना परातीवर एवढे आवाज केले, की यजमान बाहेर जाऊन बसले.

सरांबद्दल लोकांना प्रेम होतं की गंमत वाटायची, मला सांगता येणार नाही. लग्न केलेलं नव्हतं. आधी कुठं नोकरी केली हे विचारलं तर "बऱ्याच ठिकाणी सोडली," म्हणायचे. एकदा एका हुशार विद्यार्थ्यानं हँडल धरून सांगितलं, की इंग्रजी हे सायकलीसारखं असतं, पडल्याशिवाय येत नाही. सरांनी त्याला दाराबाहेर उभं केलं. "इंग्रजी सायकलीसारखं मुळीच नाही," ते तणतणत होते, "सायकल सोपी आहे. सायकलीचा अपमान करू नका."

रविवारी सकाळी त्यांचा वेगळाच उद्योग. तेव्हा पुण्याहून मुळशीकडे हौशी सायकलवाले यायला लागले होते. डोक्यावर टोपडी, अंगाला चिकटलेले कपडे, काडीसारख्या सायकली. सर चहाच्या टपरीपाशी रस्त्यात उभे राहून ट्रॅफिक हवालदारासारखा हात करायचे. थांबतील त्यांना चहा, आणि चहा संपेपर्यंत आम्ही त्यांच्याशी इंग्रजी बोलायचं. बाकावर बसलेले गावातले आजोबा ती सायकल चहूबाजूंनी न्याहाळायचे. "एवढी महाग म्हनता आन् कॅरेज न्हाई? मग डबा कुटं लावायचा? आमी सायकल सोडली तवा ह्यांनी धरली, ती बी अर्धीच."

रविवारी हँडलची अट नव्हती, त्यामुळे मलाही बोलता यायचं. मी तयारी करून गेले. एका चष्मेवाल्याला गाठून विचारलं, "सर, व्हॉट इज द सिग्निफिकन्स ऑफ सायकलिंग इन मॉडर्न अर्बन लाइफ?"

तो नम्रपणे म्हणाला, "ताई, मला मराठी येतं."

तेवढ्यात पलीकडे शोभानं एका जाड्या गृहस्थाला बाकावर बसवलं. "सिट. टी ड्रिंक. नो वर्क, देन व्हाय कम सो फार?"

तो माणूस हसता हसता बसला आणि बसला तो बोलतच राहिला. लहानपणी सायकल चोरीला गेली ते, अजून स्वप्नात सापडते ते, सगळं. चहा गार झाला तरी थांबला नाही. जाताना शोभाला म्हणाला, खूप दिवसांनी कोणीतरी खरा प्रश्न विचारला. पुढं त्याच माणसानं त्यांचं रिह्याचं घर वर्षभरासाठी भाड्यानं घेतलं. मला खोलीचं भाडं भरायला कोणी आठवड्याचीही सवलत दिली नाही, आणि हिनं 'टी ड्रिंक' म्हटलं तर अख्खं घर भाड्यानं गेलं! सर मात्र त्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमचा प्रश्न चांगला होता. फक्त त्याला माणूस नव्हता." हे कौतुक की बोलणी, ह्याच्यावर मी आठवडाभर झोप घालवली.

मग एका सोमवारी सरांनी सांगितलं, की ते जाणार. कोल्हापूरकडे त्यांची थोरली बहीण एकटी होती, तिच्याजवळ कायमचे. गिरणीवाल्याशी बोलणं झालंय, खोली आहे तशी राहील, वर्ग आपल्यातलाच कोणीतरी चालवेल. कोण ते शनिवारी.

त्या आठवड्यात मी देवाला काय काय बोलले असेन! शिकवायला खोली, समोर डोकी. अगदी तेच, जे मी मागत होते. सगळे म्हणायचे, ताईच की, एम.ए. आहेत. पण शोभाही काही कमी नव्हती. अंगणात धुणं वाळत घालता घालता मोठ्यानं सासूला सांगत होती, "वर्ग मला दिला ना, तर हितनं हालवून आपल्या खालच्या गाळ्यात आनते. मोठ्ठी पाटी लावते." मला ऐकू यावं म्हणूनच ते. मी खिडकी आपटली.

शनिवारी सर आले. तेच चिमटे, तीच चाल. सायकल स्टँडवर लावली, पण कोणाला बोलायला बोलावलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्ग तुमचा."

मला खरंच वाटेना. डोळ्यांत पाणीच आलं. सर हळू आवाजात पुढं म्हणाले, "शोभाबाईंना बोलतं कोणी केलं, ते मी वर्षभर बघतोय. इतक्या जोरात चाक इथं दुसऱ्या कोणी फिरवलं नाही. का फिरवत होता, तेही ठाऊक आहे मला. शिकवायला कारण चांगलंच लागतं असं नाही."

माझी मान खाली गेली. पण आतून? आतून नुसत्या घंटा वाजत होत्या. मी जिंकले होते. मी शोभाकडे बघितलं, तिचं तोंड बघायला.

आणि सर म्हणाले, "सायकल शोभाबाईंची."

"सर, सायकलीशिवाय वर्ग कसा घ्यायचा?"

"त्यांच्याकडून मागून आणा."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

"इंग्रजीत मागा."

शोभानं 'थँक्यू सर' म्हटलं, सायकल स्टँडवरून खाली काढली, बाहेर नेली, साडी गुडघ्याशी खोचली आणि टांग मारून बसली. त्या सायकलीवर! सरांच्या फळ्यावर! सरांनी डोळे गच्च मिटून घेतले. ती घंटी वाजवत, ट्रकच्या शेजारून, बाजारातून सरळ निघाली. लोक बाजूला होत होते. माझ्या हातात वर्गाची किल्ली होती, सगळे माझं अभिनंदन करत होते, आणि मी रस्त्याकडेच बघत होते. मला वर्ग मिळाला होता हो. पण सायकल तिला मिळाली.

सर गेले. मी ठरवलं, मागायचं नाही. सायकल बियकल काही नको, मी फळ्यावर शिकवीन. नवीन बॅच बसवली आणि काळ घेतले, वर्तमान, भूत, भविष्य. दुसऱ्या दिवशी निम्मे आले. तिसऱ्या दिवशी दोघंच आले, त्यातला एक जांभया देत होता आणि दुसरा पंक्चरवाला समजून आला होता. मी 'बसा' म्हटलं तर तो बसलाही नाही.

मग काय, गेले. शोभा अंगणात सायकल धूत होती, नळीनं पाणी मारत.

"आलाव का? म्हनलं, कवा येताय," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

"सायकल हवी होती वर्गाला. संध्याकाळपुरती."

"आनते की. मी सोता आनते. पर मला बोलायचं न्हाई. आज चाक मी फिरवनार." आणि नळी बंद करत पुटपुटली, "वर्ग तुमाला दिला. एम.ए. हाय ना तुमी."

तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं. मला फक्त सायकल दिसत होती.

संध्याकाळी ती आली तेव्हा बातमी पसरली होती, सगळी डोकी परत जमली होती. तिनं सायकल मधोमध लावली आणि उजव्या अंगाला, माझ्या जागेवर, उकिडवी बसली. "धरा हँडल."

"मी?"

"मग काय मी? बोला."

"अहो, मला सायकल नव्हती. सरांनी कधी..."

"सर कोल्लापुरात हायेत. न्हवती तर न्हवती त्येच सांगा. त्ये काय खोटं हाय?"

मी हँडल धरलं. गार होतं, ओलं होतं अजून. शोभानं पायडल मारलं आणि मी तोंड उघडलं. माझ्या भावाची हिरवी सायकल. ती मी पुसायची, तो चालवायचा. बाबा म्हणाले, मुलीला कशाला. मी शाळेत चालत जायची आणि मागून त्याची घंटी वाजली की बाजूला व्हायची. एकदा मी देवाला सांगितलं होतं, ती सायकल मोडू दे. मोडली नाही. मला त्या सायकलीचा राग यायचा, घंटीचा राग यायचा, आणि रात्री उठून मी तिच्या सीटवर हात ठेवून उभी राहायची. हे सगळं इंग्रजीत. चुका किती झाल्या मला माहीत नाही, मोजायला कोणी घरी नव्हतं.

सांगायचं ते संपलं. मी थांबले. चाक थांबलं नव्हतं.

खाली बघितलं तर शोभा पुन्हा पायडल मारत होती. हे नियमात नव्हतं. एकदा सोडलेलं पायडल परत धरायचं नसतं. पदर कमरेला करकचून खोचलेला, ओठ दाबलेले, कपाळावर घाम, आणि असा जोर लावलेला, की स्टँड थरथरत होता. नजर माझ्या तोंडाकडे. शब्द संपतायत का, बघत होती.

तो चेहरा मी कधी आरशात पाहिला नव्हता, पण दुसऱ्या कोणी ओळखला नसता इतका मी ओळखला. अगं बाई! ही जळतेय! माझ्यावर! तीन सायकली, रिह्याची जमीन, ठसठशीत गंठण, कोळवणभर घंटी वाजवत फिरलेलं लहानपण, आणि ही बाई माझ्यावर जळतेय!

एम.ए.च्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता, लग्न ठरलं तेव्हा झाला नव्हता, एवढा आनंद मला झाला. मी हँडल आणखी घट्ट धरलं आणि म्हटलं, "अँड... अँड... देन..."

मार गं पायडल. आता मी काही थांबत नाही.